विजय मुहूर्तावर आवळलेला बोल्ट

मंगरूळपीरच्या कापडबाजारात केशरीचंदांच्या दुकानासमोर एक गडद निळी जर्मन मोटार असते. ती उभी असते की बसलेली, याविषयी दोन मते आढळतात. केशरीचंदांचा मुलगा जिनेश याच्या मते ती उभी असते आणि जेवढी उंच असायला हवी तेवढीच उंच आहे. उरलेल्या मंगरूळपीरच्या मते ती बसली आहे. दुसरे मत मांडणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी त्यांच्यापैकी एकानेही सस्पेन्शन या विषयाचा अभ्यास केलेला नाही, हे जिनेशच्या बाजूने नमूद करायला हवे.

जिनेशने हा अभ्यास केला होता. अमरावतीहून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो पुण्याला नोकरीला गेला आणि वडिलांना दुकानाची दगदग झेपेनाशी झाली तेव्हा परतला. येताना त्याने तीन गोष्टी आणल्या: पदवी, पत्नी रुचिका आणि ही गाडी. पदवी कपाटात गेली. रुचिकाने दुकानाचा ऑनलाइन व्यवहार सुरू करून दोन वर्षांत साड्या थेट हैदराबादपर्यंत पोचवल्या. गाडी दारात राहिली. या तिघींपैकी घराला उपयोगी कोण, हे केशरीचंदांनी रुचिकाच्या वाढदिवशी केक कापताना सर्वांसमक्ष सांगून टाकले होते.

गाडीच्या पोटात दोनशेच्या वर अश्वशक्ती होती. ती सगळी वापरायला समृद्धी महामार्गावर कायद्याची बंदी होती आणि मंगरूळपीरच्या रस्त्यांवर निसर्गाची. जिनेशला याचे वैषम्य नव्हते. ताकद वापरण्यासाठी नसते, असावी लागते, असे तो म्हणे. पुण्यातच त्याने गाडीला आखूड स्प्रिंगा बसवून ती जमिनीजवळ आणली होती. त्यामुळे ती वळणावर रस्त्याला चिकटून राहते, असा त्याचा दावा होता. ती गतिरोधकावरही चिकटून राहत असे. मात्र हा मुद्दा त्याच्या मांडणीत आढळत नाही.

गाडी खाली आणली की मागची चाके सरळ राहत नाहीत. त्यांचे माथे आत झुकतात, आणि टायर फक्त आतल्या बाजूने रस्त्याला घासतो. बाहेरून पाहणाऱ्याला टायर कोरा करकरीत दिसतो. आतून तो संपत आलेला असतो. जिनेशला हे ठाऊक होते. बाहेरून दिसत नसल्याने इतर कोणाला ठाऊक होण्याचे कारण नव्हते.

कारण एका सकाळी घडले. केशरीचंदांच्या हातातून गल्ल्याची किल्ली पडली आणि घरंगळत गाडीखाली गेली. ती काढायला ते वाकले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांची बोटे टायरच्या आतल्या कडेवरून फिरली, जशी ती कापडाच्या थानाच्या काठावरून फिरत.

"जिनेश," ते खालूनच म्हणाले, "हे टायर कवा टाकले होते?"

"दिवाळीच्या आधी, बाबूजी. मागच्या."

"मंग एकच काठ कसा काय गेला? कोणी आतून कुरतडून राह्यलं का?"

"कॅम्बर आहे तो. म्हणजे चाकाचा जो कोन असते नं..."

"कोन ठेव तुयापाशी. असं थान निघालं असतं तं मी सुरतेले वापस धाडलं असतं."

ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि निकाल दिला. नवीन जोडी टाकावी. तिचा काठ सरळ राहिला तर गाडी राहील. त्या जोडीचाही काठ गेला, तर गाडी जाईल. अकोल्याचे गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलेच आहे. आणि पौष दशमीला पानाबाईंना शिरपूरला पार्श्वनाथांच्या दर्शनाला न्यायचे, ते याच गाडीतून, म्हणजे काय ती एकदाची परीक्षा होऊन जाईल. पानाबाई म्हणजे जिनेशची आई. तिच्या गुडघ्यांना आणि कमरेला या गाडीविषयी स्वतंत्र मत होते, पण तिला कोणी विचारले नव्हते.

या रोगावर इलाज असतो. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याला आर्म म्हणतात. कंपनीचा आर्म एकाच लांबीचा असतो. बाजारात मिळणारा ॲडजस्टेबल आर्म मधोमध फिरवता येतो. त्याच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, त्यामुळे मधला भाग फिरवला की दांडा लांब किंवा आखूड होतो आणि झुकलेले चाक पुन्हा सरळ उभे करता येते. इतके साधे आहे. जिनेशला त्यातला एक निवडायला चार महिने लागले.

प्रश्न आर्मचा नव्हता, त्याच्या टोकांमधल्या सांध्याचा होता. एका प्रकारात लोखंडी गोळा असतो. तो अचूक असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्यापर्यंत प्रामाणिकपणे पोचवतो. दुसऱ्यात सांध्यात गादीसारखा बसणारा, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा कडक बुश असतो, त्याला अधूनमधून ग्रीस द्यावे लागते. तिसऱ्यात साधे रबर. जिनेशने दुकानात साड्यांच्या गठ्ठ्यांआड बसून जगभरच्या गाडीवाल्यांची मते वाचली. त्या सगळ्यांचा कल पहिल्या दोघांकडे होता. ज्यांच्या गाडीत आई बसत नाही अशा माणसांनी ती मते लिहिली होती, हे त्याच्या लक्षात आले नाही.

शेवटी त्याने पॉलियुरेथेन ठरवले. ऑर्डर पक्की करण्याआधी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसला असताना, त्याने ती बातमी घराला दिली. बुशासोबत कंपनी ग्रीसची नळीही देते, हे त्याने कौतुकाने सांगितले.

"कायचं असते ते गिरीस?" पानाबाईंनी पोळी वाढता वाढता विचारले.

"लिथियमचं असते, आई."

"लिथियम म्हणजे मोबाईलच्या बॅटरीत असते तेच नं? ते चिकट काहून राहीन मंग? चरबी तं नसते नं त्यात? तीर्थाले जायची गाडी हाय, म्हणून इचारलं."

जिनेश हसला. नंतर त्याने खात्री करून घेतली आणि हसणे थांबले. ग्रीसचा चिकटपणा ज्या आम्लांपासून येतो, ती एरंडेलापासून काढतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. या नळीतली कशापासून, हे नळीवर लिहिलेले नव्हते. त्याने कंपनीला सविस्तर इमेल लिहिला. कंपनीने तत्परतेने उत्तर पाठवले: त्याच्या आस्थेबद्दल आभार, आणि पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सूट.

त्याने रबराचे आर्म मागवले.

"चार महिने तू अभ्यास केला," रुचिका म्हणाली, "अन् निकाल मम्मींनी पोळी वाढता वाढता लावला."

"रबराचेही काही फायदे आहेत," जिनेश म्हणाला. ते त्याने त्या रात्रीपासून शोधायला घेतले.

कारंजा रस्त्यावर उदयसिंगचे गॅरेज आहे. पाटीवर 'उदय रेसिंग अँड ट्रॅक्टर वर्क्स' असे आहे. रेसिंगचे काम पाटीनंतर आले नाही. उदयसिंग जवळच्या तांड्यातला. उसाच्या ट्रकांमागे पश्चिम महाराष्ट्रात जाऊन तो हे काम शिकला होता, आणि आपल्याला पाना लावताच बोल्टची जात कळते, असे तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगत असे. गाडीखाली उभे राहून काम करायला त्याच्याकडे एक उत्तम खड्डा होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचले आणि डासांची तक्रार झाली, तेव्हा आरोग्य खात्याचा माणूस येऊन त्यात गप्पी मासे सोडून गेला. आता पौष लागत आला होता. मासे वाढले होते.

"उपसून टाकतो नं भाऊ, दोन घंट्याचं काम हाय," उदयसिंग म्हणाला.

जिनेशच्या डोळ्यांपुढे पाणी उपसणाऱ्या पंपाजवळ तडफडणारे गप्पी मासे आले आणि त्यांच्यामागे आईचा चेहरा. "नको," तो म्हणाला. "खड्डा राहू दे."

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. रबरी बुशात बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोहोंना चिकटलेले मधले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते; चाक वरखाली झाले की मधल्या रबराला पीळ बसतो. म्हणून हा बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच आवळायचा असतो. चाके हवेत लोंबत असताना आवळला, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलेल्या लुगड्यासारखे कायमचे पिळून राहते आणि काही दिवसांत फाटते. जिनेशला हे पाठ होते. उदयसिंगलाही त्याने ते तीनदा ऐकवले होते. खड्डा वापरता येत नसल्याने त्याने सागाचे जाड ठोकळे कापून आणले होते: आर्म हवेत बसवायचे, बोल्ट हातानेच फिरवून ठेवायचे, मग चारही चाके ठोकळ्यांवर उतरवायची आणि खाली सरपटत जाऊन आवळायचे. योजनेत खोट नव्हती.

योजनेत केशरीचंदही नव्हते. ते कुंकू, नारळ आणि मोबाईलमधले पंचांग घेऊन दुपारी बाराच्या सुमारास रिक्षाने आले. काम विजय मुहूर्तावर पुरे व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. दुपारी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांच्या या मुहूर्तावर त्यांनी दुकान उघडले होते, जिनेशचे लग्न ठरवले होते आणि फ्रीज घेतला होता, आणि तिन्ही अजून चालू होते.

दुर्दैवाने डाव्या बाजूचा एक जुना बोल्ट गंजून बसला होता. उदयसिंगने त्याची जात लगेच ओळखली, पण तो निघायला अख्खी सकाळ गेली. मुहूर्त तोंडावर आला तेव्हा गाडी अजून आधाराच्या लोखंडी घोड्यांवर होती आणि मागची चाके हवेत लोंबत होती.

"आवळा आता," केशरीचंद म्हणाले.

"बाबूजी, अजून खाली नाई ठेवली. वजन आल्याशिवाय आवळलं तर..."

"मले वजन नोको सांगू. पाच मिनिटं राह्यले."

"तूर्तास आवळून घ्या नं भाऊ," उदयसिंगने तोडगा काढला. "शेठजी गेले का ढिला करू, अन् मंग खाली ठिऊन पुना आवळू."

हे तो शेठजींच्या समोरच म्हणाला.

"मुहूर्तावर आवळलेलं ढिलं करत नसतात, उदयसिंग," केशरीचंद म्हणाले, आणि नारळ हातात घेऊन उभे राहिले.

ज्या माणसाने चार महिने अभ्यास करून एका बोल्टविषयी एवढे ज्ञान जमवले, त्याने पुढच्या पाच मिनिटांत काय केले असेल, याचा अंदाज अभ्यासावरून बांधू नये. जिनेशने टॉर्क पाना उचलला. हा पाना ठरलेल्या जोराला पोचला की 'कट्ट' असा आवाज देतो. बोल्ट कुठल्या स्थितीत आवळला जातो आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. एकामागून एक सगळ्या बोल्टांनी 'कट्ट' म्हटले. नारळ फुटला.

गाडी खाली ठेवली, आणि चमत्कार झाला. ती पूर्वीसारखी बसली नाही. पिळलेल्या रबराच्या जोरावर ती मागून चांगली दीड बोट वर राहिली.

"उचलली का नाई?" केशरीचंदांनी कमरेवर हात ठेवले. "तू तीन वर्षं पाडून ठेवली होती."

शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीला टेकत नाही, अशी श्रद्धा आहे. "आता शिरपूरले नेण्यासारखी दिसते," असे केशरीचंदांनी बाजारात जाहीर केले. गॅरेजवरून येताना दर्ग्याजवळचा गतिरोधक गाडीने न घासता पार केला होता. दुसऱ्या दिवशी जिनेश अकोल्याला जाऊन टायरची नवी जोडी टाकून, चाकांचे कोन मोजून, आर्म फिरवून जुळवून आला. यंत्राने दिलेल्या छापील कागदावर सगळे आकडे हिरवे होते. केशरीचंदांनी तो कागद दुकानात लावला.

हिरव्या आकड्यांचा अर्थ एकट्या जिनेशला कळत होता. ते आकडे वर उचललेल्या गाडीचे होते. रबर फाटेल, गाडी खाली बसेल, चाके पुन्हा आत झुकतील, नव्या टायरचा काठ जाईल आणि काठामागोमाग गाडी अकोल्याला जाईल. उपाय पंधरा मिनिटांचा होता: बोल्ट ढिले करायचे आणि वजनावर पुन्हा आवळायचे. पण मुहूर्तावर आवळलेला बोल्ट ढिला करतो, हे वडिलांना सांगायचे कसे? न सांगता केले, तर खाली बसलेली गाडी स्वतःच सांगणार होती. जिनेशने या पेचावर अभ्यास सुरू केला. म्हणजे काही केले नाही.

पौष दशमीला चौघे निघाले. जिनेश पांढऱ्या कुर्त्यात गाडी चालवत होता, शेजारी रुचिका, मागे केशरीचंद आणि पानाबाई. शेलूबाजार मागे पडले आणि मागच्या चाकाशी बारीक आवाज सुरू झाला. कुंई. प्रत्येक खड्ड्याला एकदा. कुंई.

"रस्त्याचा आवाज हाय," केशरीचंद म्हणाले.

"रस्ता कवापासून वरडाले लागला?" पानाबाई पुढे वाकल्या. "जिनेश, थांबव. कोणता तरी जीव सापडला चाकात. खारीचं पिल्लू असन, नाईतर कुत्र्याचं."

"आई, जीव नाही तो."

"तुले कसं ठाऊक? तुनं वाकून पायलं का?"

"मला ठाऊक आहे. रबर आहे ते."

"रबर असं कण्हत नसते. थांबव म्हणतो नं मी!"

थांबून चाकाभोवती पाहिले, काही नव्हते. पण गाडीच्या आत खोल कुठेतरी जीव अडकला असेल तर बाहेरून कसा दिसेल, हा पानाबाईंचा युक्तिवाद बिनतोड होता. दर्शनाला जाताना एका जिवाला चिरडत जाणार नाही, असे म्हणून त्या बसूनच राहिल्या, आणि जिनेशने गाडी सुरू करायला हात लावला की ओरडू लागल्या. समोर मालेगावच्या वाटेवर एक गाड्या धुण्याचे ठिकाण दिसत होते. तिथे सिमेंटच्या दोन उंच पट्ट्यांचा रॅम्प होता. गाडी वर चढवली की माणूस खाली उभा राहू शकतो. तिथपर्यंत गाडी पावलापावलाने न्यायला पानाबाई कशाबशा तयार झाल्या.

रॅम्पवाल्याचे नाव किशन. त्याने चढावर फळ्या लावल्या, तरी गाडीचे नाक खरवडलेच. जिनेशने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. तो खाली उतरला. डिकीत टॉर्क पाना होता. तो नेहमीच असे. उजेडासाठी त्याने वडिलांचा मोबाईल घेतला. खाली जाऊन आर्मवर बॅटरी मारली, आणि मग तिथूनच, वर गाडीत बसलेल्या तिघांपैकी कोणाचेच तोंड दिसत नसल्याने, त्याला बोलणे सोपे गेले.

"बाबूजी, जीव नाही. बुश पिळला आहे. त्या दिवशी हवेत आवळला म्हणून. आत्ता ढिला केला नाही तर फाटेल, अन् मग टायरचा काठ जाईल."

वर केशरीचंदांनी टोपी सारखी केली.

"मुहूर्तावर आवळलेला हाय तो," केशरीचंद म्हणाले.

"म्हणूनच तर सांगून राह्यलो."

"गाडी वर राह्यली ते काय मंग?"

"पिळामुळे राहिली."

रुचिकाने खिडकीबाहेर बघितले. हसू दाबायला तेवढीच जागा होती.

"अहो, ऐका," पानाबाई म्हणाल्या. "रबर असो नाईतर जीव. पिळून ठेवलं तं वरडनच. तुमी त्याले सोडू द्या."

मुहूर्ताविरुद्ध जिनेशकडे आकडे होते. आईकडे जीवदया होती. केशरीचंदांच्या घरात या दोन गोष्टी समान मापाने मोजल्या जात नाहीत.

"कर," ते म्हणाले. "आमी उतरू का?"

"नाही!" जिनेश खालून ओरडला. "बसूनच राहा. वजन असू द्या. नेहमी जसे बसता तसेच बसा."

शास्त्राप्रमाणे रिकामी गाडी चालली असती. पण ही गाडी रिकामी कधी जात नव्हती. आणि पानाबाईंना त्या उंचीवरून उतरवणे शास्त्रात बसले तरी रॅम्पवर बसत नव्हते. फक्त चालकाची जागा मोकळी होती. जिनेशने किशनकडे नखशिखांत पाहिले. "भाऊ, तुझं वजन माझ्याएवढंच दिसते. जरा आत बसतो का?"

"मी?" किशन ओला होता. "गाडी धुवायची सोडून गाडीत कायले बसू?"

"बस रे बाबा," केशरीचंद म्हणाले. "आता कायलेच काई अर्थ नाई राह्यला."

अशा रीतीने पौष दशमीच्या दिवशी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, बंद केलेल्या इंजिनाच्या गाडीत, नव्या पातळातल्या पानाबाई, टोपी घातलेले केशरीचंद, रुचिका आणि गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला किशन समोर पाहत ताठ बसले. खाली पांढऱ्या कुर्त्यात जिनेशने पहिला बोल्ट सैल केला. रबराचा पीळ सुटला, 'धप्प' आवाज झाला आणि गाडी मागून खाली बसली. किशनने स्टिअरिंग घट्ट धरले. पानाबाईंनी नवकार मंत्र म्हटला.

"जिनेश," केशरीचंदांचा आवाज आला, "माया मोबाईल तुयापाशीच हाय नं? चोघडिया कोणता चालू हाय, ते पाय."

जिनेशने पडद्यावर पाहिले. टॉर्चच्या चिन्हामागे पंचांग उघडेच होते. दिवसाच्या दीड-दीड तासाच्या शुभ-अशुभ चोघडियांपैकी त्यात 'काळ' हा अशुभ लिहिला होता. ज्या चोघडियात केशरीचंद दुकानाची झाडलोटही करू देत नसत तो. दुसरा चांगला चोघडिया लागेपर्यंत वर बसून राहणे चौघांनाही शक्य नव्हते, आणि थांबलेले वडील मत बदलतात, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. टॉर्कचा आकडा ज्याने कधी पुढेमागे केला नव्हता, तो जिनेश म्हणाला, "लाभ चालू हाय, बाबूजी."

"मंग आवळ."

कट्ट. कट्ट. एकेक करून सगळे.

शिरपूरच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी नेहमीसारखी घासली. मागून केशरीचंदांचा निःश्वास ऐकू आला. कुंई मात्र परत आले नाही, आणि पानाबाईंनी दर्शन शांतपणे घेतले.

पुढच्या आठवड्यात माल बघायला जातो असे सांगून जिनेश अकोल्याला गेला आणि आर्म पुन्हा जुळवून आला. या वेळचा हिरवा कागद त्याने खिशातच ठेवला. दुकानातला जुना तसाच लटकत राहिला.

उन्हाळा लागता लागता केशरीचंद एका सकाळी गाडीपाशी थांबले. किल्ली पडली नव्हती. ते मुद्दाम वाकले, मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले, मग बाहेरच्या, मग पुन्हा आतल्या. जिनेश दुकानाच्या पायरीवरून पाहत होता.

"दोनी काठ सारखे हाय," ते उठत म्हणाले. "राहू दे गाडी."

दुकानात नवरीचे लुगडे घ्यायला एक मोठे कुटुंब आले होते. त्यांना केशरीचंदांनी सगळी हकिकत सांगितली: गाडीचा रोग, उदयसिंगचे गॅरेज, विजय मुहूर्त आणि त्या मुहूर्तावर आवळलेला बोल्ट, जो आजतागायत हलला नाही. रॅम्पचा उल्लेख त्यात नव्हता. जिनेश साड्या उलगडत राहिला. जी हकिकत ऐकून गिऱ्हाइकाचा हात पैठणीकडे जातो आहे तिच्यात दुरुस्ती सुचवावी, इतका तो आता अभ्यासू राहिला नव्हता.

संध्याकाळच्या जेवणाला पानाबाईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि केशरीचंद हात धुवायला उठल्याचे पाहून हळूच म्हणाल्या, "काळ चोघडिया होता तो. मले वारावरून पाठ असते."

जिनेशचा घास हातात राहिला. "मग तेव्हा बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तुया बाप तिथंच उतरला असता," त्या म्हणाल्या, "अन् मले त्याच्यामागं शिरपूरवरी पायी जा लागलं असतं."